थॉइल

इंग्लंडातल्या लीड्सच्या कर्कगेट मार्केटात शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसते. लोखंडी खांब, वर काचेचं छत, एका अंगाला मासळीवाल्यांची गल्ली, आणि ती ओलांडली की कापडाचे गाळे. 1884 साली मायकल मार्क्स नावाच्या एका निर्वासित फेरीवाल्यानं याच मंडईत ‘कुठलीही वस्तू एक पेनी’ असा गाळा मांडला आणि त्यातून पुढं मार्क्स अँड स्पेन्सर उभं राहिलं. मी तिथं जायचे ती मात्र शेजारच्या बाईंबरोबर. आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरात त्या एकट्या राहायच्या. वय ऐंशीच्या घरात. पंधराव्या वर्षी शेजारच्या ब्रॅडफर्ड गावातल्या लोकरी कापडाच्या गिरणीत ‘मेंडर’ म्हणून लागलेल्या, ती गिरणी बंद पडेपर्यंत तिथंच.

मेंडर म्हणजे रफू करणारी, पण आपल्या कोपऱ्यावरच्या रफूवाल्यासारखी नव्हे. मागावरून उतरलेलं नवंकोरं कापड तिच्यापुढच्या उतरत्या मेजावर यायचं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ती त्यावरून बोटं फिरवायची आणि जिथं विणताना धागा सुटला असेल तिथं सुईनं तो पुन्हा विणून काढायची, उभ्या-आडव्या धाग्यांची वीण मोजून, खालून-वरून, खालून-वरून. काम असं व्हायला हवं की ते झालंय हे कुणाला कळू नये. चाळीस वर्षं हे केलेल्या बाईच्या बोटांना काय काय कळत असेल, ते मी त्या शनिवारी पाहिलं.

गाळ्यावर लोकरी कापडाचे उरलेले तुकडे लावले होते. अशा तुकड्यांना तिकडे ‘फेंट’ म्हणतात. हा शब्द मला नवा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांमधूनही फेंटच मिळायचे, आणि आपल्या सरकारी कागदांत तर ‘फेंट्स, रॅग्ज अँड चिंदीज’ असं आपल्या चिंधीला त्यांच्या शेजारी मानानं बसवलेलं आहे. बाईंनी करड्या-निळ्या रंगाचा एक तुकडा उचलला. शालीएवढा असेल. एक कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून हलकेच चोळली, कानाशी नेली की काय असं वाटावं इतकी जवळ धरली, मग कापड उलटं करून एका जागी नख टेकवलं. तिथं एक आडवा धागा दोन इंच सुटला होता. मला चष्मा लावूनही दिसेना. गाळेवाल्यानं ते मान्य केलं, म्हणूनच तर 22 पौंड लावलेत म्हणाला. बाईंनी कापड पुन्हा एकदा हातावरून सोडलं, घडी घातली, होतं तिथं नीट ठेवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आय कांट थॉइल इट, लव्ह.”

मला वाटलं, ‘ऑइल’ म्हणाल्या. कारण ‘पुट वुड इन थॉइल’ हे मी त्यांच्याकडून रोज ऐकत होते. त्याचा अर्थ ‘दार लाव’. शब्दशः ‘लाकूड भोकात घाल’. यॉर्कशरच्या या पश्चिम भागात होलचं ‘ऑइल’ होतं (मागचा ‘द’ चिकटला की ‘थॉइल’), कोलचं ‘कॉइल’, आणि कोळसा ठेवायच्या तळघराला ‘कॉइल-ऑइल’ म्हणतात. पण इथं ना दार होतं, ना भोक. चहाला बसलो तेव्हा मी विचारलंच. त्यांनी आधी कपात साखर ढवळली. मग म्हणाल्या, पैसे नाहीत असं नाही, पैसे पर्समध्ये आहेत. कापड नको आहे असंही नाही, फार आवडलंय. पण ते पैसे त्या कापडावर घालायचं... आणि पुढचं वाक्य न बोलता त्यांनी चार बोटं छातीवर ठेवली.

माझ्या तोंडून मराठीच निघालं. “जिवावर येतं.”

एका परक्या भाषेतल्या शब्दाला आपल्या भाषेतला शब्द इतका बरोबर बसावा, असं माझ्या बाबतीत फार वेळा झालेलं नाही. शिष्ट इंग्रजीत यासाठी ‘अफोर्ड’ आहे, पण तो हिशेबाचा शब्द. खिशात आहेत की नाहीत एवढंच त्याला कळतं, आपल्या ‘परवडत नाही’सारखं. परवडणं आणि जिवावर येणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुकानातून बाहेर पडल्यावर ‘परवडत नाही गं’ म्हणणारी बाई आणि ‘जिवावर येतं गं’ म्हणणारी बाई, या दोघींच्या पर्समध्ये वेगवेगळी रक्कम असते.

आणि यातला कुठलाच शब्द कंजूषपणाचा नाही. यॉर्कशरची माणसं चिकट म्हणून सगळ्या इंग्लंडात बदनाम आहेत. पण कंजूष माणसाला पैसाच हवा असतो, वस्तूची ओढ त्याला नसतेच. थॉइल हा शब्द ओढ असल्याशिवाय वापरताच येत नाही. वस्तू हवी असते, बोटांनी ती ओळखलेली असते, पैसे असतात, आणि तरीही हात पर्सपर्यंत जाऊन थांबतो. याच बाईंनी पुढच्या आठवड्यात नातवाला 60 पौंडांचे फुटबॉलचे बूट घेतले आणि किंमत दुसऱ्यांदा पाहिलीसुद्धा नाही.

घरी येऊन मी या शब्दाच्या मागे लागले. तो फार जुना निघाला. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो ‘थोलियन’ होता आणि त्याच्या सुरुवातीला ‘थॉर्न’ नावाचं अक्षर असे: एक उभी रेघ, तिच्या मध्यावर पोट. ‘थ’ या आवाजासाठीचं हे स्वतंत्र अक्षर इंग्रजीनं पुढं टाकून दिलं. शब्दाचा अर्थ सोसणं. दुखणं सोसणं, दुष्काळ सोसणं, धन्याचा जाच सोसणं. चौदाव्या शतकात चॉसर या कवीनं तो एका गाडीवानाच्या तोंडी घातला आहे. गवतानं भरलेली गाडी चिखलात रुतलीय, घोडे ओढून ओढून थकलेत, आणि गाडीवान चाबूक उगारून ओरडतोय की सैतानानं न्यावं तुम्हाला, तुमच्यापायी काय काय ‘थोल’ केलं मी! सैतान शेजारीच उभा असतो, पण नेत नाही, कारण हा माणूस मनापासून बोलत नाही हे त्याला कळतं. घोड्यांनी जोर लावून गाडी बाहेर काढली की तोच गाडीवान त्यांना तोंडभरून आशीर्वाद देतो. बैलाला शिव्या घालत त्याच्या पाठीवर हात फिरवणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढं लंडनच्या इंग्रजीतून हा शब्द गेला आणि उत्तरेत, स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टरमध्ये राहिला. 1785 च्या नोव्हेंबरात रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या नांगराखाली एका उंदराचं घर मोडलं, तेव्हा त्यानं त्या उंदराला उद्देशून जी कविता लिहिली तिच्यात हा शब्द आहे: आता घर नाही, दार नाही, हिवाळ्याची बर्फगार रिपरिप ‘थोल’ करायची. स्कॉटलंडच्या न्यायालयांनी तो आणखी जपला. एकदा खटला चालून निकाल लागलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नको, हे तत्त्व, शिक्षा झालेल्या माणसापुरतं, आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातही आहे. स्कॉटलंडमध्ये त्याला ‘थोल्ड असाइझ’ म्हणत आले आहेत, म्हणजे या माणसानं खटला एकदा सोसलेला आहे. निर्दोष सुटलेल्या माणसानंही खटला सोसलेलाच असतो, हे त्या कायद्याच्या भाषेनं मान्य केलंय, याचं मला फार बरं वाटतं.

होलचं जसं ऑइल झालं, तसंच या थोलचं यॉर्कशरच्या पश्चिमेला थॉइल झालं. उच्चाराचं कोडं इथं सुटलं. अर्थ मात्र कसा वळला? सगळ्या प्रकारचं सोसणं पोटात घेणारा शब्द या एका टापूत खर्च सोसण्यापुरता का उरला, आणि तोही बहुतेक वेळा नकारासकट? मला वाटतं ते असं. ब्रॅडफर्ड 1801 मध्ये तेरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव होतं, पन्नास वर्षांत ते लाखाच्या पुढं गेलं. सगळं लोकरीच्या सुतावर. आठवड्याच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या या वस्तीत सोसायचं काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला वेगळा शब्द कशाला? शब्द लागला तो दुसऱ्याच ठिकाणी. चार पैसे हातात आले तेव्हा. स्वतःसाठी काही घ्यायची वेळ पहिल्यांदा आली तेव्हा असं लक्षात आलं की एवढं सगळं सोसलं, पण हे काही सोसवत नाही.

आपल्याकडेही खर्चाला वजनच असतं. खर्च झेपत नाही, पेलवत नाही, सोसत नाही, अंगावर येतो. आणि इथं मला जे सापडलं त्यानं त्या रात्री झोप आली नाही. थोल हा शब्द ज्या मुळातून आला, त्याच मुळातून लॅटिनमधला ‘टॉलरेट’चा पूर्वज आला, जर्मनमधला धीर या अर्थाचा ‘गेडुल्ड’ आला, आणि संस्कृतातली ‘तुला’ आली. मुळात अर्थ उचलणं, भार घेणं. संस्कृतात जिथं त, तिथं इंग्रजीच्या कुळात थ, हा नियम याकोब ग्रिमनं 1822 मध्ये मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरला तो हाच. त्रि आणि थ्री, तृष्णा आणि थर्स्ट, तनु आणि थिन. तसंच तुला आणि थोल. आणि तुलेची आपल्या घरातली लेकरं तर डोळ्यासमोरच आहेत: तोल, तोलणं, समतोल. आणखी एक आहे, तिचं नाव आता विटा-सिमेंटच्या घरांत फारसं निघत नाही. तुळई. आजोळच्या घरी माळ्याखाली सागाची तुळई होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. वर भाताची पोती, कांदे, पाहुण्यांच्या गाद्या, पावसाळ्यात वाळवणासकट चार पोरं. ती कधी कुरकुरली नाही. दसऱ्याला दारांना तोरण लागायचं, तुळईला काही नाही. उचलून धरणाऱ्याकडे वर मान करून कोण पाहतं?

हे सगळं मला ज्यांच्यामुळे सापडलं त्या माणसाबद्दल लिहायलाच हवं. जोसेफ राइट, जन्म 1855, ब्रॅडफर्डजवळचाच. सहाव्या वर्षी दगडाच्या खाणीवर गाढवगाडी हाकायचा. सातव्या वर्षी सॉल्टेअरच्या प्रचंड गिरणीत डॉफर म्हणून लागला. डॉफर म्हणजे चालत्या मशीनवरच्या भरलेल्या बॉबिना काढून रिकाम्या चढवणारा पोरगा. आपल्या गिरणगावातही त्याला डॉफरच म्हणत. अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस गिरणीचीच शाळा, आणि तरी पंधरा वर्षांचा होईतो त्याला धड वाचता येत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत दुसरे कामगार वर्तमानपत्रातून फ्रान्स-प्रशियाच्या लढाईच्या बातम्या वाचायचे, त्या आपल्याला वाचता येत नाहीत याची त्याला खंत वाटली आणि तो अक्षरं शिकला. नंतर भाषांमागून भाषा. 1876 मध्ये चाळीसेक पौंड साठवून तो शिकायला जर्मनीला निघाला. बोटीनं अँटवर्पला उतरला आणि तिथून हायडेलबर्गपर्यंत चालत गेला. अडीचशे मैलांहून जास्त. आगगाडी होती, खिशात भाड्याचे पैसेही होते.

त्यानं तसं कुठं लिहिलेलं मी वाचलेलं नाही, पण त्याच्या मनात तेव्हा कोणता शब्द आला असेल याबद्दल मला शंका नाही.

हाच मुलगा पुढं ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. (तौलनिक! इथंही तुला आहेच.) आणि त्यानं इंग्रजीच्या बोलींचा सहा खंडांचा कोश केला, 1898 ते 1905 या सात वर्षांत. शाळेत ज्या बोलीसाठी पोरांच्या हातावर छड्या पडत, त्या बोलीचे शब्द त्यानं ऑक्सफर्डच्या मेजावर मांडले. देशभरातून लोक चिठ्ठ्यांवर शब्द लिहून पाठवायचे. प्रकाशक पुढं येईना, तेव्हा वर्गणीदार गोळा करून छपाईचा भार राइटनं स्वतःच्या अंगावर घेतला. आगगाडीचं भाडं ज्याच्या जिवावर आलं, त्यानं सहा खंडांचा खर्च पेलला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण घरचं आहे.

माझे बाबा मुंबईत लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची. मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप. सुरुवातीला सगळे म्हणायचे, कळ काढा, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. कळ काढणं. इंग्रजीच्या त्या जुन्या थोलला मराठीत याहून नेमकं काय म्हणता येईल? दुखतंय हे नाकारायचं नाही, फक्त ते सरेपर्यंत दात आवळून थांबायचं. पण तो संप अधिकृतपणे कधी मागं घेतलाच गेला नाही. त्यामुळे आईची कळ कधी सरलीच नाही. बाबा गावी गेले, आई आम्हाला घेऊन चाळीत राहिली. शर्टांना काज-बटणं करायचं काम तिनं घरी आणलं, डझनावर पैसे. रात्री उशिरापर्यंत ती चाळीच्या गॅलरीत, जिन्यातल्या दिव्याखाली बसायची, घरातला दिवा जळू नये म्हणून. दुसऱ्या वर्षी माझी शाळा सुटायची वेळ आली, तेव्हा तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या. सोनाराकडे मी बरोबर होते. तिनं त्या काढल्या, काट्यावर ठेवल्या आणि माझ्या वह्यांचा हिशोब तोंडी करत राहिली. जिवावर आल्याची एक रेघ तिच्या चेहऱ्यावर नव्हती.

1996 मध्ये मला पहिला पगार झाला. मी तिला दादरला साडीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं गादीवर दहा-बारा साड्या उलगडल्या. तिची नजर एका जांभळ्या इरकलीवर गेली, आणि तिनं पदर अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून हलकेच चोळला. बाबांनी आणलेले फेंट हाताळून तिलाही कापड कळायचं. मग तिनं किंमतीची चिठ्ठी पाहिली, पदर सरळ केला, साडी दुकानदाराकडे सरकवली. “नको गं. जिवावर येतं.”

मी भर दुकानात तिच्यावर चिडले. पैसे मी देतेय, तुझं काय जातंय म्हणाले. आणखी एक वाक्य बोलले: तुला दारिद्र्याची सवयच लागलीय. ती काही बोलली नाही. तिनं चपला घातल्या आणि माझ्या आधी फुटपाथवर जाऊन उभी राहिली. हे वाक्य मला पुढं कितीदा आठवलं ते मी मोजलेलं नाही. मला तेव्हा वाटत होतं की तिला खर्च करता येत नाही, म्हणजे तिच्यात काहीतरी कमी आहे. तुळईवर आणखी एक पोतं चढवताना ती का कण्हली, असं मी विचारत होते.

लीड्स सोडायचं ठरलं तो मार्च महिना होता. सामान निघालं होतं, घर रिकामं. निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. हातात तपकिरी कागदात बांधलेलं काहीतरी. “फॉर युअर मॅम,” म्हणाल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना आईबद्दल बरंच सांगितलं होतं, बटणांचं, पाटल्यांचं, साडीचंही. मी कागदाची कड उचकून पाहिली. आत करडी-निळी लोकर. मी काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, “आय थॉइल्ड इट.” तो शब्द नकाराशिवाय मी त्यांच्या तोंडून तेव्हा एकदाच ऐकला.

आईच्या हातात ते कापड दिलं तेव्हा ती डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसली होती. तिनं घडी मोडली, मांडीवर पसरली, कड अंगठ्या-बोटात धरून चोळली. मग तळहात कापडावरून सावकाश फिरवत नेला आणि मध्येच एका जागी थांबला. मी वाकून पाहिलं, मला काहीच दिसलं नाही. तिनं कापड उलटं केलं, उजेडाकडे धरलं, नख टेकवलं.

“इथं धागा भरलाय,” ती म्हणाली. “कुणी भरलाय गं? फार चांगला हात आहे.”